रस्ता आधी, फौज मागून

कारवारच्या टागोर किनाऱ्यावर ‘चपळ’ नावाची निवृत्त युद्धनौका वाळूत उभी आहे. बेळगाव-खानापूरकडची शाळेची सहल कारवारला गेली, की पोरं आधी त्या नौकेकडे धावतात. तिच्याच शेजारी एका सैनिकाचा पुतळा आहे. २००६ सालच्या नोव्हेंबरात तो बसवला. नौकेपुढे फोटो काढणारे पुष्कळ, पण पुतळ्याखालचं नाव वाचणारे थोडे. नाव आहे मेजर रामा राघोबा राणे, परमवीर चक्र.

वाचकहो, आपल्या सीमाभागात फौजेचं नवल कुणाला नाही. बेळगाव म्हटलं की मराठा लाइट इन्फन्ट्री, आणि कॅम्पातून पहाटे पळत जाणारी रिक्रूट पोरं हे आपल्या रोजच्या पाहण्यातलं. त्यामुळे सैनिक म्हणजे रायफल घेऊन चढाई करणारा, असं एकच चित्र आपल्या डोळ्यांपुढे असतं. फावडं, पहार, दोरखंड आणि सुरुंग घेऊन त्याच्याही पुढे जाणारा दुसरा एक सैनिक असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. राणे हे त्या दुसऱ्या जातीचे. ते ‘सॅपर’ होते, म्हणजे फौजेतले इंजिनिअर.

त्यांचं मूळ गाव चेंडिया, कारवारजवळचं. जन्म २६ जून १९१८. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे दर बदलीला शाळा बदलायची. कारवारच्या माणसाला घरात कोकणी, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड अशी तिहेरी सवय असते. तेव्हा राणे कर्नाटकाचे की मराठ्यांचे, असा वाद घालणाऱ्यांनी तो खुशाल घालावा. ते दोघांचेही आहेत, आणि आपल्यासारख्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १० जुलै १९४० रोजी ते बॉम्बे सॅपर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशातली लढाई पाहिली, हळूहळू वर चढले, आणि १९४७ च्या डिसेंबरात सेकंड लेफ्टनंट झाले. पुढच्या चारच महिन्यांत त्यांच्यापुढे नौशेरा ते राजौरीचा रस्ता आला.

एप्रिल १९४८. राजौरी शत्रूच्या ताब्यात होतं आणि गावातल्या लोकांवर होणाऱ्या अत्याचारांच्या बातम्या येत होत्या. रणगाडे लवकर पोचले तरच उपयोग होता. पण डोंगराच्या कडेकडेने जाणारा रस्ता शत्रूने मोडून ठेवला होता. जागोजागी पाइनची झाडं आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या, आणि वर भूसुरुंग पेरलेले. पायदळ डोंगर चढून जाईल, रणगाडा कसा जाणार? ८ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास राणे आपल्या तुकडीसह रणगाड्यांजवळ कामाला लागण्याच्या तयारीत होते, तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान जागच्या जागी गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते.

पुढचं जे घडलं त्याला मी चढाई म्हणणार नाही. ते काम होतं, आणि त्याचं मोल कळायला घड्याळ पाहावं लागतं. संध्याकाळी साडेचारला बरवाली टेकडी पायदळाने घेतली. राणे लगेच माणसं घेऊन पुढे गेले आणि रात्री दहापर्यंत मशीनगनच्या माऱ्यात रणगाड्यांसाठी बाजूचा कच्चा रस्ता काढत राहिले. ९ तारखेला सकाळी सहाला परत सुरुवात केली. दुपारी तीनला रस्ता तयार झाला. मग पहिल्या चिलखती गाडीत बसून पुढे निघाले. अर्ध्या मैलावर आडवी झाडं, ती सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डांवर तोच प्रकार. पुढे मोरी उडवलेली, तिला वळसा घालून वाट केली. अंधार पडत आला तेव्हा समोर पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, आणि वर मशीनगन रोखलेली. राणे तिथेही वाकून सुरुंग काढायला लागले, तेव्हा तुकडीच्या प्रमुखाने सगळ्यांना रात्रीपुरतं थांबवलं.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाचला तेच काम पुन्हा. साडेसहाला ती झाडं हटली, साडेदहापर्यंत पुढचे हजार यार्ड मोकळे झाले. रणगाडे तवीच्या पात्रात उतरून पुढे गेले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचले. इथे कुणीही म्हटलं असतं, झालं आपलं काम. पण मागून दारूगोळा, शिधा आणि जखमींच्या गाड्या यायच्या होत्या, आणि त्या काही नदीच्या पात्रातून जाणार नव्हत्या. राणे अन्नाशिवाय, विश्रांतीशिवाय रात्री नऊपर्यंत रस्ता करत राहिले. ११ तारखेला सकाळी सहापासून पुन्हा, आणि अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. त्या रात्रीही दहापर्यंत काम चालूच. दुसऱ्या दिवशी राजौरी हाती आली.

त्या चार दिवसांतली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. वरून गोळीबार इतका, की उभं राहून सुरुंग शोधणं शक्यच नव्हतं. तेव्हा राणे पहिल्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत पुढे सरकू लागले. चालकाला खुणा करायला दोन दोऱ्या. एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. डोक्यावर रणगाड्याचं लोखंड, दोन्ही बाजूंना चालते पट्टे, आणि हाताखाली जमिनीत सुरुंग!

१९४७-४८ च्या काश्मीर युद्धातली परमवीर चक्रं पाच. त्यांतली तीन मरणोत्तर. जिवंतपणी ज्यांना मिळालं त्या दोघांत शिखांचे करम सिंग आणि आपले राणे. पुढे ते मेजर हुद्द्यापर्यंत पोचले आणि ११ जुलै १९९४ रोजी वारले. २०२३ साली अंदमानातल्या एका बेटालाही त्यांचं नाव मिळालं.

आता ‘सॅपर’ या शब्दाविषयी थोडं. किल्ल्याला वेढा घातल्यावर तटाच्या दिशेने जो नागमोडी खंदक खणत नेतात, त्याला फ्रेंचमध्ये ‘सॅप’ म्हणत. तो खणणारा तो सॅपर. गडाला सुरुंग लावणं म्हणजे काय हे मराठी माणसाला ठाऊकच आहे. भारतीय लष्करात या लोकांची तीन घराणी. बंगाल सॅपर्सचं ठाणं रुडकीला, मद्रास सॅपर्सचं बंगळूरला हलसूर तलावाच्या आसपास, आणि बॉम्बे सॅपर्सचं पुण्याला खडकीत. मद्रासवाले सगळ्यांत जुने, १७८० चे. बॉम्बेवाले १८२० चे. म्हणजे आपण मधोमध आहोत. बेळगावातून उत्तरेला गाडीत बसलं तर एक घराणं, दक्षिणेला बसलं तर दुसरं. तिघांचं बोधवाक्य एकच आणि एकाच शब्दाचं: ‘सर्वत्र’.

राणे यांच्याआधी सात वर्षं खडकीच्याच दुसऱ्या एका तरुण अधिकाऱ्याने परमुलखात असंच काम केलं होतं. त्यांचं नाव प्रेमिंद्र सिंग भगत. १९४१ सालचा जानेवारी संपत होता, इटालियन फौज सुदानच्या सीमेवरून इथिओपियात मागे हटत होती आणि जाताना रस्त्यात सुरुंग पेरत होती. भगत आपल्या सॅपर्ससह सर्वांत पुढच्या गाडीत. चार दिवसांत पंचावन्न मैलांच्या पट्ट्यातली पंधरा सुरुंगक्षेत्रं त्यांनी मोकळी केली. दोनदा त्यांची गाडीच सुरुंगावर उडाली, सोबतची माणसं गेली. तिसऱ्यांदा दबा धरून बसलेल्यांनी हल्ला केला. स्फोटाने कानाचा पडदा फाटला, तरी विश्रांती घ्यायला ते तयार नव्हते. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. पुढे लेफ्टनंट जनरल झाले. दोन्ही प्रसंगांत मला सारखं काय वाटतं सांगू? शौर्याचं पदक शत्रू मारल्याबद्दल नाही, मागून येणाऱ्यांना सुखरूप वाट करून दिल्याबद्दल मिळालं.

युद्ध नसतं तेव्हा ही माणसं काय करतात? पुष्कळ करतात. २०२४ सालचं वायनाड आठवा. ३० जुलैच्या पहाटे केरळात डोंगर खचला, चूरलमला आणि मुंडक्कै या वस्त्या चिखलाखाली गेल्या, आणि दोघींमधला पूल वाहून गेला. पलीकडे माणसं अडकलेली; जेसीबी, रुग्णवाहिका अलीकडे. तेव्हा बंगळूरचे मद्रास सॅपर्स धावले. लोखंडाचं सामान काही बंगळूरहून ट्रकांनी आलं, काही दिल्लीहून विमानाने कन्नूरला. ३१ तासांत १९० फुटांचा, चोवीस टन भार पेलणारा पूल उभा राहिला आणि १ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यावरून गाड्या गेल्या.

त्या कामावरच्या अधिकाऱ्यांत एक होत्या मेजर सीता शेळके. अर्धवट पुलाच्या लोखंडावर उभ्या असलेल्या शेळके यांचं छायाचित्र देशभर गेलं. त्या पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावच्या, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या. नगरची लेक, कर्नाटकातलं ठाणं, केरळातला पूल! बाईने पूल बांधला याचं वर्तमानपत्रांनी फार कौतुक केलं. ते करावंच. पण रात्रभर पावसात सांगाडे उचलणाऱ्या जवानांची नावं कुणी छापली नाहीत, हेही नमूद करावंसं वाटतं.

हा जो पूल, त्याला ‘बेली ब्रिज’ म्हणतात. नाव डोनाल्ड बेली या इंग्रज माणसावरून. दुसऱ्या महायुद्धात, १९४०-४१ च्या सुमारास त्याने तो आखला. यात्रेत आकाशपाळणा कसा जोडतात पाहिलंय ना? ट्रकमधून लोखंडी भाग येतात, खिळी ठोकत-ठोकत संध्याकाळपर्यंत पाळणा उभा. बेलीची युक्ती त्याच वळणाची. दहा फूट लांब, पाच फूट उंच असे जाळीदार सांगाडे. एकेकाचं वजन अडीचशे किलोंच्या वर, पण सहा माणसांना उचलता येईल इतकंच. क्रेन नको, वेल्डिंग नको. एक सांगाडा दुसऱ्याला जाडजूड पिनेने अडकवायचा. हे सगळं नदीच्या एकाच काठावर जोडायचं आणि खाली रूळ घालून पुढे ढकलत न्यायचं. पुढच्या टोकाला हलकं, वर उचललेलं ‘नाक’ असतं, मागे वजन. त्यामुळे पूल अधांतरी सरकतो पण नदीत कलंडत नाही. नाक पलीकडे टेकलं की ते सोडवायचं, फळ्या टाकायच्या, झालं. भार जास्त असेल तर सांगाडे दुहेरी, तिहेरी लावायचे. ऐंशी वर्षं उलटली, पण घाईच्या वेळी याहून सोपं काही अजून फारसं सापडलेलं नाही.

मुंबईतही सॅपर्सना बोलावलं गेलं होतं. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला पादचारी पूल बांधायचं काम लष्कराला दिलं, आणि २०१८ च्या फेब्रुवारीअखेर तिन्ही पूल खुले झाले. रेल्वेचे जिने बांधणं हे लष्कराचं काम आहे का, अशी टीका तेव्हा झाली. मला ती रास्त वाटते. पूर आला, दरड कोसळली तर जवान येणारच. पण रोजची गर्दी ही काही अचानक आलेली आपत्ती नव्हे. जे काम नगरपालिकेने नाहीतर रेल्वेने वेळेवर करायचं, ते राहिलं म्हणून सैनिकाला हाक मारणं ही कौतुकाची गोष्ट नाही, लाजेची आहे.

रस्त्यांसाठी मात्र फौजेचीच एक वेगळी संघटना आहे. सीमा रस्ते संघटना, म्हणजे बीआरओ, स्थापना ७ मे १९६०. तिच्यात लष्कराचे अधिकारी असतात आणि त्यांच्याबरोबर ‘ग्रेफ’ नावाचं स्वतंत्र दल. ग्रेफचं केंद्र पुण्याजवळ दिघीला आहे. हिमालयात गेलेल्यांनी बीआरओच्या पिवळ्या पाट्या पाहिल्या असतील. हळू चालवा, घरी कुणी वाट पाहतंय, असा यमकातला उपदेश. वाचून हसू येतं, आणि पुढच्याच वळणावर दरी बघून हसू जातं.

ही संघटना देशाबाहेरही गेली. १९५८ साली पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा त्या देशात मोटार जाईल असा रस्ताच नव्हता. सिक्कीम आणि तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून घोड्यावर बसून त्यांना जावं लागलं. १९६१ मध्ये बीआरओचा ‘दंतक’ प्रकल्प सुरू झाला. फुंत्शोलिंगपासून थिंफूपर्यंतचा रस्ता, पारोचा विमानतळ, कांगलुंगचं कॉलेज ही सगळी दंतकची कामं. त्यासाठी हजाराहून अधिक माणसांनी प्राण दिले. कुणी दरडीखाली, कुणी सुरुंगाच्या स्फोटात, कुणी थंडीने.

अफगाणिस्तानातली कथा अधिक कडू. इराणच्या सीमेवरचं झरंज आणि आतलं देलाराम यांना जोडणारा २१८ किलोमीटरचा रस्ता बीआरओने २००५ ते २००८ या काळात बांधला. पाकिस्तानातून न जाता, इराणच्या चाबहार बंदरातून अफगाणिस्तानला माल पोचावा हा हेतू. खर्च सुमारे सहाशे कोटी. निमरोझ प्रांताचं ते वाळवंट. उन्हाळ्यात तिथे एकशेवीस दिवसांचा म्हणून ओळखला जाणारा वारा सुटतो आणि केलेल्या कामावर वाळू येऊन बसते. त्यात तालिबानचे हल्ले. २००५ च्या नोव्हेंबरात बीआरओच्या एका केरळी ड्रायव्हरला पळवून नेऊन मारलं. रस्ता पुरा होईपर्यंत सहा भारतीय आणि शंभरावर अफगाण माणसं गेली. जानेवारी २००९ मध्ये रस्ता अफगाण सरकारच्या स्वाधीन केला. ६ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानच्या हाती पडलेली पहिली प्रांतिक राजधानी कोणती, तर झरंज.

मग ती मेहनत फुकट गेली का? रस्ता कुणाच्या बाजूचा नसतो. डॉक्टरकडे जाणारी बाळंतीण त्यावरून जाते आणि बंदूकवालाही जातो. तरी त्या केरळी ड्रायव्हरच्या घरच्यांना हे उत्तर पुरेल, असं म्हणायचं धाडस मला होत नाही.

म्यानमारमध्ये आणखी वेगळाच धडा मिळाला. तामू ते कलेम्योचा १६० किलोमीटरचा ‘मैत्री रस्ता’ बीआरओने बांधला, २००१ च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. रस्ता चांगला, पण त्यावरचे ६९ पूल जुनेच राहिले, अरुंद आणि थकलेले. ते बदलायचा करार झाला, पण काम रखडलं. रस्त्याची ताकद त्यावरच्या सगळ्यांत कच्च्या पुलाएवढीच, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री कारवार आणि सदाशिवगड यांच्यामधला काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. एक लॉरी नदीत गेली, नशिबाने चालक वाचला. पूल चाळीसएक वर्षांचाच होता. वायनाडचा लोखंडी पूल उभा राहून तेव्हा आठवडाही झाला नव्हता.

बांधणं सगळ्यांना दिसतं, राखणं दिसत नाही. झोजिला घाट घ्या. साडेअकरा हजार फुटांवर, श्रीनगर आणि लडाखच्या मध्ये. पूर्वी बर्फामुळे पाच-सहा महिने बंद असायचा. दर वर्षी बीआरओची माणसं बर्फाच्या भिंती कापत दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे येतात. २०२३ मध्ये तो ६८ दिवसांत उघडला, २०२४ मध्ये ३५ आणि २०२५ मध्ये ३२. पुढच्या हिवाळ्यात तोच बर्फ, तेच काम. आपल्या कॅम्पातही इमारती, पाणी आणि वीज सांभाळणारी लष्कराची इंजिनिअरिंग सेवा आहेच. नळाला पाणी आलं नाही तरच तिची आठवण होते.

आणि या सगळ्यांच्या खाली रोजंदारीवरचा मजूर. बीआरओच्या कामावर दगड फोडणारे हजारो मजूर झारखंड-बिहारसारख्या भागातून येतात. त्यांच्या अंगावर वर्दी नाही, त्यांना पेन्शन नाही. ग्रेफच्या माणसाचा कामावर मृत्यू झाला तर त्याचा देह गावी पोचवायची सोय होती, मजुराची नव्हती. कामाच्या ठिकाणीच अंत्यसंस्कार करायचे झाले तर खर्चाला मिळत हजार रुपये. २०२३ साली ही रक्कम दहा हजार झाली आणि देह घरी नेण्याची सोयही मजुरांना लागू झाली. २०२४ च्या जानेवारीत त्यांच्यासाठी दहा लाखांच्या विम्याला मंजुरी मिळाली. संघटना सुरू झाल्यापासून साठ वर्षं उलटून गेल्यावर! २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ बीआरओच्या छावणीवर हिमकडा कोसळला, तेव्हा आत ५४ मजूर होते. लष्कराच्या आणि इतर जवानांनी खणून ४६ जणांना बाहेर काढलं. आठ गेले.

आपल्याकडच्या ज्या घरांतलं पोरगं खडकीला, बंगळूरला नाहीतर दिघीला आहे, त्यांना हे वाचून काळजी वाटेल. मात्र त्यांनी पोराला फोनवर ‘लढाईवर नाहीस ना’ असं विचारून निश्चिंत होऊ नये. ‘सध्या काम कुठल्या रस्त्यावर चाललंय’ असं विचारावं. तो सांगेलच असं नाही, पण आपल्या कामाबद्दल घरी कुणी विचारलं याचं त्याला बरं वाटेल.

राणे यांनी चार दिवस ज्या वाटेवर काढले, तो आज अखनूर–नौशेरा–राजौरी–पूंछ महामार्गाचा भाग आहे आणि त्याच्या रुंदीकरणाचं काम बीआरओकडेच आलं. २८ जानेवारी २०२४ रोजी याच मार्गावर नौशेऱ्याजवळचा सातशे मीटरचा बोगदा दोन्ही बाजूंनी खणत येऊन मध्ये मिळाला.